आपले राज्य कोणते?

ज्यांचे गाव कोणत्याही राज्यात नाही, त्यांनी मुलांसाठी ‘आपल्या राज्यातील विद्यापीठ’ कोठे शोधावे? आमच्या नरोलीपुढे हा प्रश्न जुनाच आहे. २८ जुलै १९५४ रोजी गाव पोर्तुगीजांच्या हातून सुटले, ११ ऑगस्ट १९६१ रोजी दादरा व नगर हवेली भारतात रीतसर विलीन झाली, आणि २६ जानेवारी २०२० पासून दमण व दीवसह आमचा एकच संघप्रदेश झाला. या सर्व फेरफारांत स्वतःचे विद्यापीठ मात्र आमच्या वाट्याला आले नाही.

म्हणून येथे एक गमतीची स्थिती दिसते. सिल्वाशातील शासकीय महाविद्यालय सुरतेच्या वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाशी संलग्न, तर तेथीलच एस. एस. आर. महाविद्यालय पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठाशी. विद्यार्थी घरची भाकरी खाऊन शिकतो आणि पदवी दोहोंपैकी एका शेजाऱ्याची घेतो. बी. ए., बी. कॉम. करणाऱ्याचे त्यात काही बिघडत नाही.

खरी अडचण पुढे आहे. अमेरिकेत परराज्यातील विद्यार्थ्याकडून सरकारी विद्यापीठे पुष्कळदा दुप्पट-तिप्पट शुल्क घेतात. तेथे प्रश्न पैशाचा. आपल्याकडे तो मुख्यतः जागेचा आहे. राज्यांच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतील एम. बी. बी. एस.च्या १५ टक्के जागा अखिल भारतीय वाट्यात जातात; उरलेल्या ८५ टक्के जागा त्या त्या राज्याच्या नियमांनी भरतात. राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थांतही निम्म्या जागा ‘गृहराज्या’च्या. हे गृहराज्य मातृभाषेवरून ठरत नाही, वडिलांच्या मूळ गावावरूनही नाही. बारावी कोठून उत्तीर्ण झाली, यावरून ठरते.

गेल्या वर्षी दहावीच्या निकालानंतर एक पालक आमच्याकडे आले. मुलगी हुशार, डॉक्टर होण्याची इच्छा. ते म्हणाले, “गुरुजी, नाशिकला हिची मावशी आहे. अकरावी-बारावी तिकडे केली, की महाराष्ट्रात ती आपली म्हणूनच धरली जाईल. आपण मराठीच ना?”

आम्ही त्यांना नियम समजावून सांगितला. महाराष्ट्राच्या ८५ टक्क्यांत शिरायचे, तर साधारणतः दहावी आणि बारावी दोन्ही तेथील हव्यात, शिवाय अधिवासाचा दाखला हवा. मुलीची दहावी येथली, राहणे येथले. उलट, २०१९ पासून सिल्वाशात वैद्यकीय महाविद्यालय सुरू आहे. तेथील प्रादेशिक जागांवर येथील रहिवाशांचा हक्क. नाशिकला धाडल्याने ती तिकडची होणार नाही, आणि इकडचा हक्कही धोक्यात येईल.

ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे गुरुजी, आम्ही तिकडचे नाहीच?”

या प्रश्नाला नियमपुस्तिकेत उत्तर नाही. १ मे १९६० रोजी दोन राज्ये झाली, तेव्हा शेजारच्या उंबरगाव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेत गेला आणि तलासरीकडची गावे महाराष्ट्रात राहिली. सोयरीक, बोली, बाजार यांनी ती रेघ कधी मानली नाही. प्रवेशाच्या अर्जाला मात्र ती मानावीच लागते. आमच्या आदिवासी बांधवांना तर ती अधिकच जाचते. वारली समाज रेषेच्या तिन्ही बाजूंना आहे. तरी एका प्रदेशातील जमातीच्या दाखल्यावर दुसऱ्या राज्याच्या राखीव जागा मागता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली स्पष्ट केले आहे. केंद्रीय संस्थांत मात्र तो दाखला चालतो, हे पुष्कळ पालकांना ठाऊकच नसते.

त्या गृहस्थांना आम्ही एवढेच म्हटले, “भाऊ, दाखला सरकार देते, आपलेपणा देत नाही. मुलीचे भवितव्य दाखल्यावर आहे, तेव्हा आज दाखल्याचे पाहा. मावशीकडे ती सुटीत जाईलच.” मुलगी सिल्वाशासच विज्ञान शाखेत राहिली, आज बारावीत आहे. पुढे काय होईल ते तिच्या गुणांवर आहे, पण दार तरी कोणी नकळत बंद केलेले नाही.

बृहन्महाराष्ट्रातील आमच्या वाचकांना, मग ते बडोद्यास असोत वा इंदुरास, हीच विनंती आहे. विद्यापीठाची निवड बारावीच्या निकालानंतर होते हा समज सोडावा. ती मुलाला अकरावीस कोठे घालतो, तेथेच निम्मी झालेली असते. म्हणून नववीतच अधिवासाचे व जातीचे दाखले काढावेत, आणि मुलाला दुसऱ्या राज्यात हलवण्यापूर्वी दोन्हीकडचे चालू वर्षाचे नियम वाचावेत. ते बदलत असतात.

आणि मराठीचे काय? ती विद्यापीठावर सोपवण्याची गोष्ट नव्हे. सुरतेची पदवी घेतलेला मुलगा घरी मराठीत पत्र लिहू शकतो, आणि पुण्यात राहिलेला तेही विसरू शकतो. तो हिशेब कोणतीही प्रवेश समिती तपासत नाही. तो आपल्याच घरात लागतो.