न वाचता दिलेला निकाल

सन २००७ मधील गोष्ट. फिलिप पुलमन या इंग्रज लेखकाच्या ‘नॉर्दर्न लाइट्स’ या कुमारांसाठी लिहिलेल्या अद्भुत कादंबरीवर त्या वर्षी चित्रपट आला आणि अमेरिकेतील एका कॅथलिक संघटनेने त्यावर बहिष्काराची हाक दिली. त्याच सुमारास आमच्या धर्मग्रामातील एक माता ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आली. “फादर, मुलगी दिवसरात्र हेच वाचते. वाचू द्यावं का?” मला बहिष्काराची बातमी आठवली. मी म्हणालो, “नको.”

चौदा वर्षांची ती मुलगी दाराशी उभी होती. तिने विचारले, “फादर, तुम्ही वाचलंय?” मी हसून वेळ मारून नेली. त्यानंतर धर्मशिक्षणाच्या वर्गात तिने कधीच प्रश्न विचारला नाही.

गेल्या पावसाळ्यात मी या कादंबरीचे तिन्ही भाग वाचून काढले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या भागात लायरा नावाची मुलगी एका निराळ्याच जगातील ऑक्सफर्डमध्ये वाढते. तेथे माणसाचा आत्मा प्राण्याच्या रूपाने देहाबाहेर सतत सोबत असतो. मुलांचे हे सोबती क्षणोक्षणी रूप पालटतात. मूल मोठे झाले की एकच रूप कायम होते. दूर उत्तरेत, ‘मॅजिस्टेरियम’ या धर्मसत्तेच्या आश्रयाने, मुलांना त्यांच्या सोबत्यांपासून तोडले जाते. असा एक मुलगा लायराला सापडतो. हरवलेल्या सोबत्याऐवजी त्याने एक सुका मासा छातीशी कवटाळलेला असतो. तो मरतो आणि तो मासाही कोणी काढून घेतो, तेव्हा लायरा संतापाने पेटून उठते.

ते पान वाचून मी पुस्तक मिटले. देह आणि आत्मा मिळून एकच माणूस होतो, हे सेमिनरीत संत थॉमस अक्वायनसांच्या ग्रंथांतून मी शिकलो होतो. ते तुटणे म्हणजे काय, हे मात्र एका निरीश्वरवादी लेखकाने मला दाखविले.

तरीही या लेखकाशी माझे भांडण आहे. २००० साली आलेल्या तिसऱ्या भागात लायराला ठार मारण्यासाठी एक धर्मगुरू निघतो; त्या खुनाची पापक्षमा त्याला आगाऊच मिळालेली असते! उद्या करावयाच्या पापाचा आज पश्चात्ताप होत नाही आणि पश्चात्तापाविना क्षमा नाही, हे आपल्या धर्मशिक्षण वर्गातले मूलही सांगेल. स्वतःला निर्माता म्हणविणारा या कथेतील देव एक जर्जर वृद्ध आहे. तो वाऱ्यात विरून जातो. सिंहासनावरचा देव लेखकाने पाहिला. क्रूसावरचा देव मात्र त्याच्या नजरेतून निसटला. त्याचे आजोबा अँग्लिकन धर्मगुरू होते आणि त्यांच्याविषयी तो मायेने बोलतो. रात्री-अपरात्री आजाऱ्याच्या उशाशी जाणारा तसा एखादा धर्मगुरू त्याच्या मॅजिस्टेरियममध्ये असता, तर चित्र अधिक खरे झाले असते.

परंतु हे भांडण मांडताना मला माझे ते ‘नको’ आठवते. निषिद्ध ग्रंथांची सूची ख्रिस्तसभेने १९६६ सालीच रद्द केली. मी ती माझ्या ओसरीवर पुन्हा सुरू केली होती. श्रद्धावंतांचे वागणेही देवाचा चेहरा झाकते आणि नास्तिकतेला कारण ठरते, असे व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये बजावले आहे. त्या दिवशी त्या मुलीला माझ्यात कोणाचा चेहरा दिसला असेल?

पालकहो, मुलांच्या हातातले पुस्तक काढून घेण्याआधी ते स्वतः वाचा. मग हवे तर त्यांच्याशी वाद घाला. वाद घालताना निदान सोबत तरी राहते.

ती मुलगी आता दूरच्या शहरात संसार करते. मी तिला पत्र लिहिले आहे : “वाचले. माझे चुकले. काही गोष्टी मात्र पटल्या नाहीत. त्यासाठी केव्हाही ये.” उत्तराची वाट पाहत आहे.