वाटीचा हिशेब

मी कारकून. बी.कॉम. झालेली. आकडेमोड हे माझे रोजचे काम, म्हणून वस्तीतील महिला बचत गटाच्या वह्याही माझ्याकडेच असतात. तरी एका साध्या हिशेबात मी चुकले आणि खापर दुसरीच्या माथी फुटले. ती गोष्ट आज भगिनींपुढे ठेवते.

गटाला एका शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी नानकटाईची ऑर्डर मिळाली होती. नानकटाई करावी तर आमच्या मावशींनीच. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण प्रमाण तोंडपाठ: दोन वाट्या मैदा, एक वाटी पिठीसाखर, पाऊण वाटी तूप. मी ते वहीत उतरवले आणि वाण्याला यादी दिली: मैदा 2 किलो, पिठीसाखर 1 किलो, तूप पाऊण किलो. वाटीच्या जागी किलो लिहिले, एवढेच.

पीठ मळले, पण गोळा वळेना. वळला की फुटायचा. मावशी म्हणाल्या, "ताई, तूप कमी वाटतंय बघ." मी वही पुढे केली. "मावशी, तुम्हीच सांगितलेलं प्रमाण आहे हे." त्या गप्प झाल्या. बेकरीच्या भट्टीतून पत्रे बाहेर आले ते कडक, तडकलेली नानकटाई घेऊनच. माल परत आला, पैसे बुडाले. बैठकीत कोणी म्हणाले, "मावशींचा हात आता पूर्वीचा राहिला नाही." मी ऐकून घेतले.

रात्री झोप लागेना. दुसऱ्या दिवशी मावशींची वाटी घेऊन वाण्याच्या काट्यावर गेले. वाटीभर मैदा भरला 120 ग्रॅम. पिठीसाखरही 120. थिजलेले तूप मात्र 200! वाटी जागा मोजते, काटा वजन मोजतो. दोन वाट्या मैदा म्हणजे 240 ग्रॅम, एक वाटी साखर 120, पाऊण वाटी तूप 150. या हिशेबाने 2 किलो मैद्याला 1 किलो साखर बरोबर होती, पण तूप सव्वा किलो हवे होते. मी अर्धा किलो कमी आणले होते.

आणखी एक गंमत पाहिली. तोच मैदा डब्यात वाटी खुपसून दाबून भरला, तर 150 ग्रॅमपर्यंत गेला. तेव्हा आजी आठवली. ती सांगायची, मजुरीचे धान्य मोजताना पायली तीच, पण कधी शीग लावून, तर कधी हात फिरवून सपाट. माप एकच असले तरी भरणारा हात एक नसतो.

म्हणून भगिनींनो, घरी एकाच वाटीने सगळे मोजत असाल तर वाटी लहान असो की मोठी, प्रमाण बिघडत नाही. मैदा मात्र चाळून, हलक्या हाताने भरावा. पुस्तकातला कप साधारण 240 मिलिलिटरचा असतो, काही देशांत 250 चा. टेबलस्पून बहुधा 15 मिलिलिटरचा, टीस्पून 5 चा. पण वाटीचे प्रमाण किलोत न्यायचे असेल, तर प्रत्येक जिन्नस आधी वेगळा तोलून वहीत लिहावा. दाणेदार साखर कपाला 200 ग्रॅम भरते, तीच दळून पिठी केली की 120. नाव साखरच, पण हिशेब दोन.

पुढच्या बैठकीत मी सर्वांसमोर चूक सांगितली आणि मावशींची माफी मागितली. त्या हसून म्हणाल्या, "अगं, मला वाटलं वहीत लिहिलंय म्हणजे खरंच असणार."

ते वाक्य अजून बोचते. लिहिलेल्या शब्दापुढे आपल्या बाईने गप्प बसू नये, असे मी सभांतून सांगत आले. आणि त्या दिवशी वही पुढे करून मीच एका जाणत्या हाताला गप्प केले होते.