सुरतेहून भावनगर : पक्ष्याची वाट आणि चाकाची वाट

सुरतेजवळच्या हजिरा बंदराच्या धक्क्यावर उभे राहिले असता पलीकडचा किनारा दिसत नाही. दिसते ते खंभातच्या आखाताचे गढूळ पाणी. त्या पाण्यापलीकडे, वायव्येस, भावनगर आहे. पक्षी सरळ उडाला तर सुरतेपासून भावनगर जेमतेम शंभर किलोमीटर. मोटारीने जाणाऱ्यास मात्र तेच अंतर सुमारे ३७० किलोमीटर पडते.

वाचकहो, आमच्या वसईकरांना यात नवल वाटू नये. समोर खाडीपलीकडे भाईंदर असूनही मोटारीला घोडबंदरचा वळसा घालावा लागे. म्हणून तर २०२४ च्या फेब्रुवारीत तेथे वाहने नेणारी बोट सुरू झाली. खंभातचे आखातही असेच पाचरीसारखे जमिनीत शिरले आहे. रस्ता उत्तरेस वडोदऱ्यापर्यंत चढतो, नर्मदा, मही आणि साबरमती ओलांडतो व मग भावनगरकडे खाली उतरतो. या प्रवासात दहा-बारा तास जात.

हा वळसा कोणाला जड जाई? सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडणारे असंख्य कारागीर मूळचे सौराष्ट्रातले. आमच्या शेजारी बसलेले एक भाई त्यांपैकीच. ते म्हणाले, "पूर्वी दोन दिवसांची रजा मिळाली तरी ती रस्त्यातच संपे. बा आजारी असल्याचा निरोप रात्री आला, आणि मी पोचलो तो दुसऱ्या दिवशी दुपारी. तोवर तिची वाचा गेली होती." पुढे ते काही बोलले नाहीत, आम्हीही विचारले नाही.

जलमार्गाचा पहिला यत्न २२ ऑक्टोबर २०१७ रोजी घोघा ते दहेज असा झाला. परंतु दहेजच्या धक्क्यापाशी गाळ साचला व ती बोट बंद पडली. ज्या नद्या रस्त्याला आडव्या येतात, त्याच हा गाळ आखातात आणून टाकतात. त्यात येथील मोठ्या भरतीच्या वेळी पाणी दहा मीटरांच्या आसपास चढते. पुढे ८ नोव्हेंबर २०२० रोजी हजिरा ते घोघा ही फेरी सुरू झाली. पाण्यातून अंतर ९० किलोमीटर, वेळ सुमारे चार तास. पाचशे उतारू, शंभर मोटारी आणि तीस मालमोटारी एकाच बोटीत मावतात. २०२२ च्या जानेवारीत सुरत-भावनगर विमानही सुरू झाले होते; पण त्यात आसने अवघी नऊ! गोरगरिबांच्या संसाराला बोटच सोयीची.

घोघ्याचा धक्का दिसू लागताच भाईंनी पिशवी उचलली. आत सुरतेची घारी होती, धाकट्या बहिणीच्या मुलांसाठी. "आज रात्रीचे जेवण घरी," ते म्हणाले, आणि गर्दीत सर्वांच्या पुढे जाऊन उभे राहिले.