कोणत्याही कारणाने

मे महिन्यात लू वाहायला लागली की ब्रह्माघाटाकडच्या आमच्या गल्लीत दुपारी चिटपाखरूही दिसत नाही. अशाच एका दुपारी खालच्या मजल्यावर शिलाई करणारी शेजारीण हातात कागद घेऊन वर आली. तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला उन्हाळी शिबिराला जायचं होतं. रोज सकाळी नावेने गंगापार, तिथे एका बागेत खेळ, दोरीवरचे चढउतार, दुपारच्या आत परत. पैसे भरून झाले होते, सही तेवढी राहिली होती. कागद इंग्रजीत होता. ‘‘दीदी, हिंदी में लिख दो. बिना समझे साइन नहीं करूँगी.’’

वीस वर्षं मी अनुवादच करते आहे. एका पानाला कितीसा वेळ लागणार? पण एका वाक्यापाशी अडले. कोणत्याही कारणाने माझ्या पाल्याला इजा झाली किंवा त्याचा मृत्यू झाला तर चालक जबाबदार राहणार नाहीत, मी भरपाई मागणार नाही, असा त्याचा अर्थ. ‘किसी भी कारण से’ लिहून मोकळी झाले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण ‘कोणत्याही’ या शब्दाच्या पोटात दोन वेगळ्या गोष्टी होत्या. पळताना मुलाचा पाय मुरगळला, ही एक. नावेत जास्त मुलं कोंबली, जॅकेटं दिली नाहीत, ही दुसरी. लिहिणाऱ्याला दोन्ही ठाऊक असणार. वाचणाऱ्या आईच्या डोळ्यांपुढे फक्त पहिली येणार. शिवाय कागदाचं नाव ‘संमतिपत्र’. संमती मुलाला पाठवण्याची असते. इथे तिच्या नावाखाली हक्कच सोडून द्यायचा होता.

‘‘संध्याकाळी ये,’’ म्हटलं आणि बसले. कोर्टाचे कागद पुष्कळ अनुवादले असल्यामुळे वाट थोडी माहीत होती. मराठी कायद्याच्या भाषेत अठरा वर्षांखालच्या मुलाला ‘अज्ञान’ म्हणतात. अज्ञानाने केलेला करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने 1903 मध्ये मोहोरी बीबीच्या खटल्यात ठरवलं. मग सही आईची घेतात. पण आईला मुलाचा हक्क परस्पर सोडता येतो का? दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 32, नियम 7 प्रमाणे मुलाचा दावा चालू असताना पालकालासुद्धा कोर्टाच्या परवानगीशिवाय तडजोड करता येत नाही. नुकसान डोळ्यांसमोर असताना जी मोकळीक कायदा आईला देत नाही, ती अपघाताच्या आधी एका छापील कागदावर कशी मिळावी? मुदतीचा कायदाही मुलासाठी थांबतो. सज्ञान झाल्यावर त्याला स्वतः दावा लावता येतो. आणि करार कायद्याचं कलम 23 सार्वजनिक धोरणाविरुद्धचे करार मानत नाही.

28 मे 1995 रोजी पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली होती. चौदा मुलं बुडाली. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपये भरपाई ठरवली आणि 2001 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. मुलं ज्यांच्या ताब्यात दिली होती त्यांनी काळजी घेतली की नाही, हा तिथे मुद्दा होता.

कागद पुन्हा वाचला तेव्हा लक्षात आलं, की सगळी काळजी घेऊनही मूल पडलं तर चालकांना या कागदाची गरजच नाही. काळजी घेतली नसेल तर हा कागद त्यांना तारणं कठीण. मग तो कशासाठी? काही वाईट घडलंच तर ‘मी सही केली होती ना’ असं स्वतःशी म्हणून आईने घरात बसावं, कोर्टाची पायरी चढू नये, यासाठी. कागदाचं खरं काम तिच्या मनात चालतं.

मी स्वतः पोहायला शिकले ते दुर्गाघाटावर. काका पायरीवर उभे राहत, माझ्या कमरेला दोर, दोराचं टोक त्यांच्या मनगटाला. कागद नव्हता. पण त्या दिवसांचं कौतुक मी करणार नाही. त्याच घाटांवर मुलं बुडत, आणि ‘गंगामैयाने नेलं’ म्हणून सगळे हात जोडत. ना दोराची चौकशी, ना कुणाला प्रश्न. तेही न लिहिलेलं संमतिपत्रच होतं, आणि त्यावर सगळ्या घाटाची सही होती.

मूळ मजकुरात भर घालायची नाही, हे मला शिकवलं गेलं आहे, आणि मी ते पाळते. पण इथे मी काही घालणार नव्हते; आत लपलेलं बाहेर काढणार होते. संध्याकाळी तिला लिहून दिलं: ‘किसी भी कारण से, चाहे वह हमारी अपनी लापरवाही ही क्यों न हो.’ खाली रेघ मारून, माझं म्हणणं म्हणून वेगळं लिहिलं, की माझ्या समजुतीप्रमाणे या सहीने मुलाचा हक्क जात नाही. शंका असेल तर वकिलाला विचार.

तिने ते दोनदा वाचलं. ‘‘मतलब लापरवाही होगी, यह उन्हें पहले से पता है?’’ मला उत्तर सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती शिबिराच्या माणसाकडे गेली. नावेत किती मुलं, पोहता येणारे किती, जॅकेटं आहेत का, एवढंच विचारलं. जॅकेटं होती, पण मोठ्यांच्या मापाची. तिने गळ्यातली टेप काढून तिथेच मुलाची छाती मोजली आणि तो आकडा त्याच कागदाच्या मागे लिहून दिला. तिसऱ्या दिवशी लहान मापाची जॅकेटं आली. मग तिने सही केली.