काल रात्रीचं

उकरलेलं वारूळ किती जुनं आहे? आमच्या कामात घोडं अडतं ते इथेच. वारूळ कोणी उकरलं, हे कोयनेच्या रानात दोन-चार उन्हाळे काढलेला कोणीही सांगेल. खवल्या मांजराचं काम वेगळं, रानडुकराचं वेगळं. अस्वलाच्या खड्ड्यात भिंतीवरचे लांब समांतर ओरखडे आणि मागे भिरकावलेली ढेकळं पाहिली की बोलायला काही उरत नाही. पण तो खड्डा काल रात्रीचा, परवाचा की गेल्या अमावस्येचा? या एका प्रश्नापायी मी शाळेच्या सुट्ट्या, दोन्ही गुडघे आणि बायकोची बरीचशी सहनशक्ती खर्ची घातली. उत्तर आपल्याला येतं, असा माझा समज होता. मागच्या थंडीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि तो समज डळमळला.

विदर्भातल्या मित्रांना हे वेड कळत नाही. बुलढाण्याच्या ज्ञानगंगेत किंवा मेळघाटात फिरणारा माणूस म्हणतो, वारुळाचं वय कशाला हवं? आज नाही दिसलं तर उद्या दिसेल. त्यांचं त्यांच्यापुरतं बरोबर आहे. तिकडे अस्वल शेजारी राहतं, कधीकधी नको इतकं जवळ. आमच्याकडे कोयना, चांदोली, खाली राधानगरी, तिळारी असा लांबच लांब पट्टा आहे, अस्वलही आहे, पण विरळ. सगळी नोकरी याच बिटांत काढून निवृत्त झालेले गार्ड मला माहीत आहेत, ज्यांनी अस्वल एकदाच पाहिलं आणि तेही पाठमोरं. अशा मुलखात त्याने मागे ठेवलेलं वाचायचं, एवढंच हातात असतं. एका उतारावर पाच वारुळं उकरलेली सापडली तर त्यांचा अर्थ वयावर ठरतो. पाचही एकाच रात्रीची असतील तर अस्वल आलं आणि पुढे गेलं. पाचांची वयं वेगवेगळी असतील तर ते मुक्कामाला आहे, आणि मादी असेल तर थंडीत जवळच्याच एखाद्या कपारीत पिल्लंही होतील. वयाचा अंदाज हलला की सगळी हकीकतच हलते.

मी वय काढायचो ते मुख्यतः रंगावरून. वाळवीला घर फुटलेलं खपत नाही. वारूळ जिवंत असेल तर कामकरी वाळव्या लगोलग लाळेत कालवलेल्या मातीचे बारीक गोळे आणून भगदाडाच्या कडेला थापू लागतात. ती माती ओली आणि गडद. उन्हाने आधी बाहेरची कड फिकटते, आतली गडद राहते, मग तीही उतरते. सांगायला सोपं आहे. पण भर उन्हाळ्यात डागडुजी रेंगाळते. अस्वलाने आतल्या खोल्यांपर्यंत हात घातला असेल तर वसाहतच मोडते, बुजवायला कोणी येत नाही, आणि महिन्यापूर्वीचा खड्डा तसाच आ वासून राहतो. झाडीतल्या वारुळाची माती वेगळ्या गतीने वाळते, सड्यावरच्या वारुळाची वेगळ्या. सड्यावर तर दुपारपर्यंत सगळंच पांढरट होऊन बसतं, म्हणून तिथे मी ऊन चढायच्या आत पोचायचो. जांभ्याच्या कातळावर ठसा उमटत नाही, तेव्हा पावलांची मदत नाहीच.

बाकीच्या खुणा एकेक करून दगा देतात. तुटलेल्या मुळांची टोकं पांढरी असतात आणि मग तपकिरी होतात, पण किती वेळात ते झाडागणिक बदलतं. कोळी एका रात्रीत जाळं विणतो, त्यामुळे जाळं आहे म्हणून खड्डा जुना ठरत नाही. खरा साक्षीदार एकच, वळीव. त्याच्या थेंबांचे टिपके फेकलेल्या मातीवर उमटलेले असले की खड्डा पावसाआधीचा; नसले की नंतरचा. मग वाद नाही. मात्र वळीव आपल्याला हवा तेव्हा पडत नाही. आणि जून लागला की सगळाच कारभार आटोपला. नवजाला कित्येक वर्षी पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस होतो; तिथे कसली माती आणि कसलं तिचं वय!

म्हणजे उरला रंगच. माझा उजवा डोळा आधी झाला, डावा नंतर व्हायचा होता. धुळीत जायचं नाही ही डॉक्टरांनी घातलेली मुदत संपली तशी मी हेळवाककडच्या एका उतारावर गेलो. बरोबर वनमजूर मामा होते. ताजं वाटणारं एक वारूळ दिसलं. सवयीने खाली बसलो आणि सहज एक डोळा मिटला. मग दुसरा. जुन्या डोळ्याला माती तांबूस, तेलकट, ओलसर दिसत होती, म्हणजे काल रात्रीची. नव्या डोळ्याला तीच माती फिकट, कोरडी, चार दिवसांची, कदाचित आठही. मी तिथे किती वेळ आळीपाळीने डोळे मिचकावत बसलो कोण जाणे. मामांना वाटलं डोळ्यात कचरा गेला.

मोतीबिंदू नुसतं धूसर करत नाही. डोळ्यातलं भिंग वर्षानुवर्षं पिवळट, मग तपकिरी होत जातं आणि मेंदू ते गुपचूप सांभाळून घेतो, त्यामुळे ज्याचा डोळा त्यालाच पत्ता नसतो. भिंग बदललं की पांढरा रंग एकदम निळसर भासतो. आमच्या स्वयंपाकघराच्या भिंती मी पिवळ्या समजत होतो, त्या पांढऱ्या निघाल्या. घरात सगळ्यांना हसू आलं. माझ्या डोक्यात मात्र एकच हिशेब सुरू झाला: हे पिवळं नेमकं कधीपासून?

कारण ताजं ओळखणारा म्हणून माझं थोडंफार नाव आहे. ‘मास्तर म्हणाले काल रात्रीचं, म्हणजे काल रात्रीचंच’ हे वाक्य मी लोकांच्या तोंडून ऐकलं आहे, आणि ऐकू येईल इतपत अंतरावर मुद्दाम रेंगाळून ऐकलं आहे. नव्या गार्डांचा घोळका असला की मी आधी काही बोलायचो नाही. खाली बसायचो, चिमूटभर माती उचलायचो, बोटांत चोळायचो, टाकून द्यायचो आणि मग हळू आवाजात निकाल सांगायचो. ते माती चोळणं निव्वळ नाटक होतं. निकाल डोळ्यांनी आधीच दिलेला असायचा. शिवाय ‘काल रात्रीचं’ म्हणण्यात जी मजा आहे ती ‘दहा दिवसांपूर्वीचं’ म्हणण्यात नाही. जनावर इथेच कुठेतरी आहे या कल्पनेने सगळ्यांचे आवाज खाली येतात, आणि त्या घटकेपुरता सांगणारा माणूस वीतभर उंच होतो. जिथे अस्वल दिसतच नाही तिथे ही उंची फार स्वस्तात मिळते.

हे काम करणाऱ्याची एक गोची अशी की त्याला अस्वलाजवळ पोचायचं असतं आणि पोचायचं नसतं. वारुळात तोंड खुपसलेलं अस्वल आधी फुंकरीने माती उडवतं, मग नाकपुड्या मिटून, वरचे मधले दोन दात नसल्याच्या फटीतून वाळवी ओढतं. तो फुर्र-फुर्र आवाज शंभर मीटरच्या पलीकडेही येतो. एवढ्या गोंगाटात त्याला तुमची चाहूल लागत नाही, नजर मुळात बेताची, आणि माणूस अचानक पुढ्यात दिसला की ते घाबरून अंगावर येतं. आमच्या भागातली माणसं अशीच फाडली गेली आहेत. म्हणून इथले जाणते लोक कारवीच्या दाटीतून जाताना मोठ्याने बोलतात, काठी आपटतात, आणि मीही खोकत-खाकरत चालतो. साहजिकच अस्वल आधी निघून जातं. म्हणजे मी जाणूनबुजून उशिरा पोचणारा माणूस आहे. किती उशिरा, एवढंच काढायचं असतं, आणि आता नेमकं तेच येत नाही.

सध्या बोटांना आणि नाकाला शिकवतोय. पूर्वीचं नाटक आता खरं काम झालं आहे. वाळवी आत बुरशीच्या बागा करते. त्यांच्या भुसभुशीत गड्ड्या अस्वलाच्या ओढाताणीत बाहेर पडतात. ताजी गड्डी मऊ, दमट असते आणि तिला अळंब्यांचा वास येतो. तो यायचाच, पावसाळ्यात वारुळांवर उगवणारी अळंबी याच बुरशीची. वाळली की गड्डी हलकी होते, बोटांत चुरते. हे माप रंगापेक्षा बरं, असं आज वाटतं. पण ती सावलीत किती वेळात वाळते? दव पडलं तर पुन्हा मऊ होते का? परसात एका मोडक्या वारुळातल्या गड्ड्या मांडून मी रोज सकाळी दाबून पाहतो आहे. बायकोचं म्हणणं, निवृत्त माणसाने गुलाब लावावेत.

मामांना यातलं काहीच लागत नाही. त्यांचं गाव कोयनेच्या पाण्यामागे होतं, ते पुढे उठलं. उठलेल्या गावांत घरांची जोती राहिली आणि परड्यातले फणस, आंबे राहिले. मे महिन्यात अस्वलं त्या झाडांखाली येतात, आणि कोणाचा फणस आधी पिकतो ते मामांना ठाऊक आहे. खड्ड्याकडे ते धड बघतसुद्धा नाहीत. उभ्याउभ्या आजूबाजूला नजर टाकतात आणि म्हणतात, ‘मास्तर, ह्ये रातचं न्हाई. रातचं असतं तर भेकर ह्या वाटंनं आलं असतं व्हय?’ याला मी पुरावा मानत नाही. ते बरोबर निघतात तेव्हाही मानत नाही.

तरुण मंडळी म्हणतात, कॅमेरा ट्रॅप आहेत की, तारीख-वेळ सेकंदापर्यंत छापून येते. येते, आणि त्या सेकंदांचा मला हेवा वाटतो. पण २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला तेव्हापासून इथला प्रत्येक कॅमेरा आधी वाघाचा आहे. मे २०१८ मध्ये त्यातल्या एकात वाघ दिसला तेव्हा राज्यभर बातम्या झाल्या. अस्वल त्याच कॅमेऱ्यांत येतं, ते वाघाच्या कामातली वरकड म्हणून. शिवाय वाघ पट्ट्यांवरून ओळखता येतो. अस्वल म्हणजे काळोखात काळे केस. छातीवरचा पांढरट बाण ते समोरून, मान वर करून आलं तरच दिसतो. दहा फोटो म्हणजे दहा अस्वलं की एकच हौशी अस्वल, हे सांगायला पुन्हा उतारावर जाऊन वारुळंच बघावी लागतात.

फोटोवाल्यांबद्दल न बोललेलं बरं, पण बोलतोच. कर्नाटकात हंपीजवळ दरोजीचं अस्वल अभयारण्य आहे, १९९४ सालचं. तिथे खडकांना गुळाचा लेप लावतात, दुपारनंतर अस्वलं चाटायला येतात आणि समोरच्या मनोऱ्यावरून फोटो निघतात. मीही गेलो होतो. पिल्लाला पाठीवर बसवून चाललेली आई पाहिली, जीव हरखला, खोटं कशाला बोलू? पण तसले फोटो भिंतीवर लावून कोणी मला ‘आम्ही पण अस्वलं शोधतो’ म्हणालं की माझं डोकं फिरतं. लहानपणी पाटणच्या बाजारात दरवेशी अस्वल घेऊन यायचा. तेव्हाही अस्वल दिसायचंच, आणि केस उपटून ताईतात घालायलासुद्धा मिळायचे. दिसणं ही काही मोठी गोष्ट नाही.

हे सगळं मी हल्ली एका मुलीला ऐकवत असतो. ती एम.एस्सी. करते, सर्वेक्षणाला माझ्याबरोबर येते. प्रत्येक खड्ड्याशेजारी ती रंगांच्या चौकटी छापलेलं एक कार्ड ठेवते आणि मगच फोटो घेते. नंतर संगणकावर त्या चौकटींशी मातीचा रंग ताडून पाहता येतो, ऊन कसंही असो, बघणारा कोणीही असो. साधी गोष्ट. ती मला आयुष्यात सुचली नाही याचा राग मी तिच्यावर काढतो. खड्ड्यापेक्षा कार्डाकडेच जास्त बघतेस, असं म्हणतो. ती ऐकून घेते आणि पुढच्या वारुळाशी पुन्हा कार्ड ठेवते.

तिला माझ्या जुन्या वह्या हव्या आहेत. कुठे, कोणत्या झाडीत, किती उंचीवर, खड्डा किती खोल, हे रकाने द्यायला माझी ना नाही. वयाचा रकाना देऊ नये असं वाटत होतं. ऑपरेशन झाल्यापासून मी त्या वह्या उघडलेल्या नाहीत. पानोपानी ‘काल रात्रीचं’ लिहिलेलं आहे ते मला न बघता माहीत आहे. त्यातलं किती अस्वलाचं आणि किती भिंगाचं, ते मला मोजायचं नाही. असं काहीबाही मी तिला सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, ‘सर, डोळा अंधुक वाटायला लागला ते साल आठवतं? आणि दोन्ही ऑपरेशनांच्या तारखा द्या. म्हणजे मला आधीच्या आणि नंतरच्या नोंदी वेगळ्या लावता येतील.’

म्हणजे तिच्या हिशेबात मी एक उपकरण आहे, ज्याचं भिंग अमुक तारखेला बदललं. रात्रभर मला राग होता. सकाळी लक्षात आलं की ती ‘काल रात्रीचं’ खोडायला निघालेली नाही, त्यात किती दिवस मिळवायचे ते काढायला निघाली आहे. इतक्या वर्षांत माझ्या निकालाची इतकी दखल दुसऱ्या कोणीच घेतली नव्हती. बाकीच्यांनी नुसतीच मान डोलावली.

वह्या दिल्या, सगळ्या रकान्यांसकट. तारखाही दिल्या. एक अट मात्र घातली आहे. निबंध छापून आला की माझं नाव शेवटी आभारांच्या गर्दीत नको, वर लेखकांच्या ओळीत हवं. तिसरं चालेल, असं मी तिला सांगितलंय. मनात दुसरं आहे.