नाव बॅटरीचं, काम मनगटाचं

परवा शनिवारी माळा आवरताना जुन्या निकॉन डी८० ची पेटी सापडली. कॅमेऱ्याच्या तळाला बॅटरी ग्रिप अजून तशीच घट्ट बसलेली. सेल मात्र काढून ठेवले होते, तेवढी अक्कल शाबूत होती. (सेल आत विसरले की काही वर्षांनी काय दिसतं, हे टॉर्च विसरलेल्यांना सांगायला नको.) बायको म्हणाली, "हे धूड देऊन टाकायचं का कुणाला?" म्हटलं, थांब जरा. या धुडामागे एक गोष्ट आहे...

२००७ चा मे महिना. काकांच्या मोठ्या मुलीचं लग्न वाईला होतं. ठरवलेला फोटोग्राफर होताच, पण मी नुकताच डी८० घेतलेला. त्यामुळे "घरच्या माणसांचे फोटो मी काढणार" असं मोठ्या तोंडाने जाहीर केलं होतं. आदल्या रात्री बॅटरी चार्जिंगला लावली आणि अर्ध्या तासात वीज गेली. भारनियमन! सकाळी वीज आली, पण तोवर इस्त्री आणि दहा-बारा मोबाइल माझ्या आधी रांगेत होते.

मंगलाष्टका झाल्या, जेवणं झाली आणि पाठवणीच्या वेळी कॅमेऱ्याने मान टाकली. काका मांडवाच्या खांबाला हात लावून उभे होते. काका रडणाऱ्यातले नाहीत. तेव्हाही रडले नाहीत, फक्त खांब सोडत नव्हते. फोटोग्राफर गाडीच्या पलीकडे नवरा-नवरीत गुंतलेला. तो फोटो कुणीच काढला नाही.

महिन्याभराने काकांनी सीडी बघून विचारलं, "काय रे, पाठवणीचा एकही फोटो नाही?"

मी म्हटलं, "काका, गर्दी फार होती हो."

सरळ सरळ खोटं बोललो.

आता आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांची एक खोड असते. सर्व्हर पडला की आधी मोठं हार्डवेअर मागवायचं, कारण नंतर शोधायचं. मीही तेच केलं. एमबी-डी८० नावाची ग्रिप मागवली. खरं तर खिशात एक जादा बॅटरी असती तरी काम भागलं असतं, तेही ग्रिपपेक्षा बऱ्याच कमी पैशांत. पण अपराधी माणूस खर्चाचा हिशोब करत नाही.

ग्रिप लावायची पद्धत सोपी आहे. कॅमेऱ्यातली बॅटरी काढायची, तिच्या कप्प्याचं झाकणही काढायचं (ते ग्रिपमधल्या खाचेत ठेवायची सोय असते, म्हणून हरवत नाही). मग ग्रिपचा उंच दांडा त्या रिकाम्या कप्प्यात घालायचा आणि चाक फिरवून ट्रायपॉडच्या भोकात स्क्रू आवळायचा. हे चाक मधूनमधून तपासावं. सैल झालं तर वीजजोडणी हलते आणि चांगल्या बॅटऱ्या असूनही कॅमेरा बंद पडू शकतो.

आत दोन नेहमीच्या बॅटऱ्या बसतात, किंवा सहा पेन्सिल सेल. मला भुलवलं ते या सेलनी. वीज जाऊ दे, कोपऱ्यावरच्या दुकानात सेल तर मिळतील! कागदावर गणितही जमतं. कॅमेऱ्याची लिथियम बॅटरी ७.४ व्होल्टची. सहा रिचार्जेबल निकेल सेल, प्रत्येकी १.२ व्होल्ट, म्हणजे ७.२. साधे अल्कलाइन घेतले तर प्रत्येकी १.५, म्हणजे चक्क ९.

पण अल्कलाइनचे ९ व्होल्ट हे लग्नातल्या आग्रहासारखे, सुरुवातीलाच भरपूर. आरसा उचलणं, फोकसची मोटर फिरवणं अशा कामांना एकदम जोरात करंट लागतो. या सेलचा अंतर्गत रोध जास्त, त्यामुळे भार आला की व्होल्टेज खाली बसतं. घड्याळात वर्षभर चालणारा सेल इथे लवकर दमतो. निकेलचे सेल व्होल्टेजला कमी असूनही असा भार नीट पेलतात. फक्त जुने निकेल सेल नुसते पडून रिकामे व्हायचे. २००५ मध्ये सान्योने एनेलूप आणले, तेव्हा ती कटकट बरीच कमी झाली. आणखी एक गोष्ट: सेल कोणत्या जातीचे आहेत ते कॅमेऱ्याच्या मेन्यूत सांगावं लागतं, नाहीतर किती चार्ज उरलाय याचा अंदाज चुकतो.

म्हणजे बॅटरीचा प्रश्न सुटला. पण ग्रिपचा खरा उपयोग कळायला माझं मनगट दुखावं लागलं.

दिवसाचे दहा तास कीबोर्ड आणि माउस. २००९ पर्यंत उजवं मनगट असं कुरकुरायला लागलं की कपात चहा ओततानाही कळ यायची. डॉक्टर म्हणाले, मनगट वाकवून जोर लावू नका. आणि उभा फोटो काढताना आपण नेमकं तेच करतो! कॅमेरा आडवा धरायचाच बनलेला. तो उभा केला की उजवा हात वर जातो, कोपर हवेत, मनगट मुरडलेलं. दोन-चार फोटोंना काही वाटत नाही. दिवसभर काढले की खांदासुद्धा बोलायला लागतो. काही दिवस तर वाटलं, आता कॅमेरा विकावा.

ग्रिपच्या कडेला दुसरं शटरचं बटण असतं, बोटाने फिरवायच्या चकत्याही असतात. कॅमेरा उभा केला तरी उजवा हात खालीच, आडव्यासारखा धरता येतो. कोपर छातीशी टेकतं आणि कॅमेरा कमी हलतो. वजन वाढतं हे खरं. नुसता डी८० चा देह ५८५ ग्रॅमचा, त्यावर लेन्स, ग्रिप आणि सहा सेल. गड चढताना मी ग्रिप घरीच ठेवायचो. पण सरळ मनगटावरचं जादा वजन मला वाकड्या मनगटावरच्या कमी वजनापेक्षा बरं वाटलं. (त्या बटणाला कुलूप असतं, ते आठवणीने लावावं. नाहीतर तळहाताच्या फोटोंचा संग्रह तयार होतो!)

२०१० मध्ये काकांच्या धाकटीचं लग्न झालं. पुन्हा वाई, पुन्हा मांडव. पाठवणीला मी नवरा-नवरीकडे पाठ करून काकांसमोर उभा राहिलो. कोपर छातीशी, कॅमेरा उभा. काकांनी या वेळीही खांब धरलाच. पायापासून खांबाच्या टोकापर्यंत पूर्ण माणूस त्या उभ्या चौकटीत बसला. पाच-सहा फोटो काढले, त्यातला एक मिळाला. रात्री बघितलं तर सेल अर्ध्याहून जास्त भरलेले होते. म्हणजे ज्या भीतीने ग्रिप घेतली, तिच्याशी त्या फोटोचा काही संबंधच नव्हता.

निकॉननेही पुढे २०१९ मध्ये झेड६ आणि झेड७ साठी एमबी-एन१० आणली. तिच्यात दोन बॅटऱ्या बसत, पण उभ्या फोटोसाठीचं बटणच नव्हतं. पुढच्या पिढीच्या कॅमेऱ्यांसाठी एमबी-एन११ आली, तेव्हा बटण आणि चकत्या परत आल्या. ते वाचून मला हसू आलं. नाव बॅटरीचं, पण माझ्यासारख्यांना हवं असतं ते बटण.

तेव्हा तुम्ही घेणार असाल तर माझा सल्ला एवढाच. फक्त बॅटरी संपायची भीती असेल तर जादा बॅटरी घ्या, आणि मुख्य म्हणजे ती आदल्या दिवशी घरूनच चार्ज करून न्या. उभे फोटो भरपूर काढत असाल, तर ग्रिप हातात धरून बघा.

तो फोटो मोठा छापून काकांना दिला आणि तेव्हाच २००७ चं खरं सांगून टाकलं. काका फोटोकडे बघत म्हणाले, "मला ठाऊक होतं रे. तू कॅमेरा खाली करून नुसता बघत उभा होतास. मला वाटलं, मुद्दामच काढला नाहीस."

यावर काय बोलणार? असो. धूड परत पेटीत ठेवलंय. द्यायचं नाहीये.