रात्री किती वाजता येते?



हल्ली स्थळांचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "मुलगी पुण्याला एकटी राहते ना? मग रात्री घरी किती वाजता येते?" आपण चौविहार पाळणाऱ्या बायका. दिवस मावळायच्या आत आपली जेवणं आटोपतात, आणि रात्री नऊ-साडेनऊला अकोटची दुकानंही शटर ओढायला लागतात. त्यामुळे मध्यरात्री जे शहर जागं असतं, तिथे चांगलं माणूस कुठून भेटणार, असं वाटणं साहजिक आहे.

अशा वेळी मला एक जुना मराठी सिनेमा आठवतो, 'माणूस'. प्रभात फिल्म कंपनीने तो १९३९ साली पुण्यात काढला. दिग्दर्शक व्ही. शांताराम. हिंदीत तोच 'आदमी' या नावाने आला. गणपत हा साधा, प्रामाणिक पोलीस शिपाई. ते काम शाहू मोडकांचं. पुढच्याच वर्षी 'संत ज्ञानेश्वर' सिनेमात ज्ञानेश्वर झाले तेच हे मोडक! वेश्यावस्तीत रात्री धाड पडते, तेव्हा गणपतला मैना भेटते. ही भूमिका शांता हुबळीकरांची. मैना नाचते, गाते, गिऱ्हाइकांचं मन रमवते. त्या गल्लीत कोणीच कोणावर खरं प्रेम करत नाही, आणि तिथेच या दोघांचं जुळतं.

गणपत तिला तिथून बाहेर काढायला बघतो. स्वतःच्या आईकडेही नेतो. आई सरळ मनाची, देवभोळी. पण त्या घरात मैनेला आपलाच भूतकाळ टोचतो आणि ती निघून जाते. पुढे तिच्या हातून तिच्या दुष्ट मामाचा खून होतो. गणपत तिला पळून जायला मदत करू पाहतो, तर ती नाही म्हणते. त्याची नोकरी आणि इज्जत जाऊ नये म्हणून ती शिक्षा पत्करते. त्या काळात 'देवदास' फार गाजला होता. प्रेमात दारू पिऊन जीव घालवायचा, हे शांतारामांना पटत नव्हतं. प्रेम गेलं तरी कर्तव्य उरतं, असं त्यांचं उत्तर होतं.

आपल्याकडे तर ही गोष्ट फार जुनी आहे. स्थूलिभद्र मुनींनी कोशा गणिकेच्या चित्रशाळेत चातुर्मास केला आणि शेवटी ती श्राविका झाली, हे आपण व्याख्यानात कितीदा ऐकलं आहे. ऐकताना आपले डोळे भरून येतात. मग घरी स्थळ आलं की आपण घड्याळ का बघतो?

माझ्या नात्यातल्या एका मुलीचं स्थळ ह्याच प्रश्नावर परत गेलं. ती रात्रपाळीत काम करते, कंपनीची गाडी पहाटे तिला घरी सोडते. वडील गेल्यापासून धाकट्या भावाची फी तीच भरते. हे कोणी विचारलंच नाही. आता ती म्हणते, "मावशी, मला पुन्हा कोणासमोर बसवू नका."

बी.कॉम.ला आम्हाला शिकवलं होतं की ताळेबंद हा एका दिवसाचा असतो. तेवढा बघून धंदा वर्षभर कसा चालला ते कळत नाही. त्यासाठी नफातोटा पत्रक बघावं लागतं. "किती वाजता येते" हा असाच एका क्षणाचा आकडा आहे. अडचणीत ती कोणाच्या पाठीशी उभी राहिली, आणि मुलाने स्वतःचं नुकसान सोसून कोणाचं भलं केलं, हे वर्षभराचे आकडे. मुलाच्या बाबतीत तर हे नक्की विचारावं, कारण त्याला घड्याळ कोणीच विचारत नाही.

खूप समजावल्यावर ती पोरगी एकदाच तयार झाली आहे. येत्या रविवारी अमरावतीचे लोक येणार आहेत. तिच्या बायोडाटात रात्रपाळीची वेळ मी स्वतःच लिहून टाकली, नोकरीच्या नावाखाली, ठळक अक्षरात. वाचून ज्यांना यायचं ते येतील. चार वाजता बोलावलंय, म्हणजे सूर्यास्ताआधी जेवणंही होतील.